मुलाला झळ लागू नये म्हणून

सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या पत्राचा हा सारांश आहे. पत्रलेखक एकावन्न वर्षांचे असून एका खाजगी कारखान्याच्या कार्यालयात लेखनिक आहेत. त्यांच्या हाती महिन्याला ३८,००० रुपये पगार येतो, पत्नी घरी शिवणकाम करून चार-पाच हजार मिळवतात आणि वडिलोपार्जित दोन एकर शेती आहे. मुलगा पुण्यातील एका खाजगी महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शासनाच्या योजनेतून त्याचे निम्मे शिक्षण शुल्क माफ होते, तरीही वर्षाला पंच्याऐंशी हजार भरावे लागतात. शिवाय खोली, मेस, प्रवास आणि वरखर्चासाठी दरमहा १४,००० रुपये पाठवावे लागतात. दोन मुदत ठेवी मोडून झाल्या आहेत आणि पतसंस्थेतून १३ टक्के दराने काढलेल्या दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता सुरू आहे. आता मुलाने लॅपटॉपसाठी साठ हजार आणि नोकरीची हमी देणाऱ्या एका क्लाससाठी पंचवीस हजार मागितले आहेत. घरच्या ओढाताणीची त्याला कल्पना नाही, कारण त्याला झळ लागू द्यायची नाही असा वडिलांचा निश्चय आहे. त्यांचे स्वतःचे शिक्षण पैशाअभावी बारावीनंतर थांबले होते. मुलाला खरे सांगावे आणि त्याने थोडे कमवावे, असे पत्नीचे म्हणणे आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिच्याविषयी पत्रात दोन-तीनच वाक्ये आहेत, त्यांतले शेवटचे : ‘ती इथेच जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. करेल.’ पत्राच्या शेवटी वडील विचारतात, ‘आता पीएफ काढू, की अर्धा एकर विकू?’

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. बारावीला चांगले गुण असूनही कागद घेऊन घरी परतलेला अठरा वर्षांचा मुलगा त्या पत्रात जागोजागी दिसतो, आणि आपल्या मुलावर ती वेळ येऊ नये म्हणून तुम्ही जे करत आहात त्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्यामुळे मुलाला पैसे पाठवावेत की नाही, हा प्रश्नच मी उपस्थित करणार नाही. ते पाठवायलाच हवेत. आपल्याकडे पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलाने स्वतःचा सगळा खर्च स्वतः उचलावा, अशी ना आपली शिक्षणव्यवस्था आहे ना तेवढे कमावून देणारी विद्यार्थ्यांची कामे आहेत.

माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही मला दोनच पर्याय दिले आहेत आणि दोन्हींत काहीतरी मोडायचे आहे. हे दोनच पर्याय उरले, कारण घरातल्या चार माणसांपैकी एकाच माणसाने, तेही रात्री सगळे झोपल्यावर वहीत आकडे मांडून, हा विचार केला आहे. ज्याच्यासाठी हे चालले आहे तो मुलगा त्या विचारात कुठेच नाही.

झळ लागू द्यायची नाही, याचा मुलाच्या बाजूने अर्थ काय होतो ते पाहू. दर महिन्याच्या दोन तारखेला त्याच्या खात्यावर चौदा हजार जमा होतात. शुल्काची मुदत आली की शुल्क भरले जाते. मागितले ते थोड्या उशिराने का होईना, मिळते. या माहितीवरून कोणीही समंजस मुलगा हाच निष्कर्ष काढील की घरचे बरे चालले आहे. म्हणून त्याने पंचवीस हजारांचा क्लास मागितला, यात त्याचा उधळेपणा नाही. तुम्ही पत्रात ‘त्याला कळायला हवे होते’ असे लिहिले आहे. पण कळू नये याची व्यवस्था तर तुम्हीच केली आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेलात, ती मला फार महत्त्वाची वाटते. मुलाचे बँक खाते तुमच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले आहे, त्यामुळे त्याने चहाचे पंधरा रुपये दिले तरी तुम्हाला संदेश येतो. एका शनिवारी रात्री हॉटेलचे ४८० रुपये गेलेले दिसले आणि तुम्हाला झोप लागली नाही. तरी तुम्ही त्याला विचारले नाही. कदाचित एखाद्या मित्राचा वाढदिवस असेल, कदाचित मेस बंद असेल. तुम्हाला ठाऊक नाही आणि त्यालाही ठाऊक नाही की त्याच्या जेवणाने कोणाची झोप उडाली. घरची स्थिती त्याच्यापासून लपलेली आणि त्याचा प्रत्येक रुपया मात्र तुमच्यासमोर उघडा, ही रचना दोघांनाही जाचक आहे. ती उलट करा. खात्याला त्याचा स्वतःचा क्रमांक जोडू द्या, आणि घरचा हिशेब त्याच्यासमोर उघडा.

तो कसा उघडायचा, याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. हे फोनवर बोलू नका आणि पैशांवरून खटका उडालेल्या दिवशी तर मुळीच बोलू नका. तो सुट्टीत घरी आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, चौघे एकत्र बसा; मुलीलाही बोलवा. पगाराची पावती, पतसंस्थेचे पासबुक आणि तुमची ती वही समोर ठेवा. घरात महिन्याला त्रेचाळीस हजारांच्या आसपास येतात. चौदा हजार पुण्याला जातात, साडेसहा हजार हप्त्याला जातात, वर्षाच्या शुल्कासाठी दरमहा सात हजार बाजूला काढावे लागतात, आणि उरलेल्या साडेपंधरा हजारांत तीन माणसांचे घर, औषधे, सणवार आणि शेतीचा खर्च भागतो, हे आकडे त्याला स्वतः लिहू द्या. बोलताना ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय सोसले’ हे वाक्य येऊ देऊ नका. त्या वाक्याने मुलगा अपराधी होतो, आणि अपराधी मन हिशेब करत नाही. ते एक तर रुसते किंवा शिक्षण सोडण्याच्या गोष्टी करू लागते. त्याऐवजी असे सांगा की तुझे शिक्षण पूर्ण होणार, याविषयी शंका नाही. दरमहा अमुक रक्कम आम्ही नक्की देऊ. त्यापलीकडचे कसे जमवायचे ते आपण मिळून ठरवू. पहिले आश्वासन स्पष्ट शब्दांत द्या. तुमचे वडील तुम्हाला ते देऊ शकले नाहीत, आणि तुम्ही ते देऊ शकता.

ती नक्की रक्कम किती असावी, हे त्याच्या खऱ्या खर्चावरून ठरवा. एक महिना त्याने सगळे टिपून ठेवावे. पुण्यात एका खोलीत तिघे-चौघे राहतात तेव्हा खाट आणि मेस यांचा खर्च जवळजवळ ठरलेला असतो. बदलता भाग असतो तो प्रवास, बाहेरचे खाणे आणि महाविद्यालयातील कार्यक्रमांच्या वर्गण्या यांचा. तो रकमेत बसवण्याची जबाबदारी त्याची, आणि बसवल्यावर चौकशी नाही, असा करार करा. कदाचित चौदाचे बारा होतील, कदाचित चौदाच राहतील. रक्कम घटली नाही तरी हा उपद्व्याप वाया गेला असे समजू नका.

आता तुमच्या दोन पर्यायांकडे वळते. भविष्य निर्वाह निधीतून मुलांच्या शिक्षणासाठी रक्कम काढता येते, हे खरे. पण तुमच्या निवृत्तीला सातच वर्षे उरली आहेत. आज तीन लाख काढले तर ते केवळ तीन लाख नसतात. अलीकडे जाहीर झालेला ८.२५ टक्के व्याजदर टिकला, तर सात वर्षांनी त्यांचे सव्वापाच लाखांच्या जवळपास झाले असते. खाजगी नोकरीत तुम्हाला मिळणारे निवृत्तिवेतन तुटपुंजे असेल, त्यामुळे ही उतारवयातली तुमची आणि पत्नीची मुख्य पुंजी आहे. ती संपली की तिचा भार याच मुलाच्या संसारावर येतो, म्हणजे आज टाळलेली झळ दहा वर्षांनी त्यालाच लागते. शेताविषयी तर अधिक सांगायला नको. नड असताना विकलेल्या जमिनीला भाव येत नाही, हे तुमच्या गावात तुम्ही पाहिलेच असेल.

तिसरा पर्याय शैक्षणिक कर्जाचा आहे, आणि ‘मुलाच्या डोक्यावर कर्जाचे ओझे नको’ म्हणून तुम्ही तो विचारातच घेतलेला नाही. पण ओझे आजही आहेच, फक्त ते १३ टक्क्यांचे आहे आणि त्याचा हप्ता आजच सुरू आहे. बँकांच्या शैक्षणिक कर्जाची पद्धत साधारण अशी असते : कर्जदार मुलगा आणि सहकर्जदार पालक, चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत शासनाच्या पतहमी योजनेखाली तारण लागत नाही, परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षाने सुरू होते. पहिल्या वर्षीच काढायला हवे असे नाही. उरलेल्या वर्षांसाठीही ते मागता येते, आणि शुल्काबरोबर राहण्याचा खर्च व अभ्यासासाठी लागणारा संगणकही त्यात धरता येतो.

आकड्यांतच पाहू. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी दीड-दीड लाख, असे तीन लाख ९ टक्के दराने घेतले असे धरा. शिक्षण चालू असताना आणि पुढच्या एका वर्षात सरळव्याजाने साडेसदुसष्ट हजार व्याज होते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता ४,६५० रुपयांच्या आसपास बसतो. हेच व्याज तुम्ही दरमहा भरत गेलात, म्हणजे तिसऱ्या वर्षी महिना १,१२५ आणि त्यानंतर २,२५० रुपये, तर मुलाचा हप्ता ३,८०० रुपयांवर येतो. आणि असे व्याज वेळेवर भरणाऱ्यांना अनेक सरकारी बँका दरात थोडी सवलतही देतात, ती आवर्जून विचारा. ही वाटणी मला फार चांगली वाटते. व्याज बापाचे, मुद्दल मुलाचे. यात मदतही आहे आणि त्याचा वाटाही आहे.

मात्र कर्जाची दुसरी बाजू तुमच्यापासून लपवणार नाही. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या प्रत्येकाला लगेच नोकरी लागत नाही, आणि हप्ते थकले तर बँक सहकर्जदाराकडे येते. दोघांचीही पत खराब होते. म्हणून मंजूर होईल तेवढे कर्ज घेऊ नका. सुरुवातीच्या साध्या पगारातून, समजा पंचवीस हजारांतून, पुण्यात राहून जेवढा हप्ता सुखाने देता येईल तेवढ्यापुरतेच घ्या. पीएम-विद्यालक्ष्मी ही २०२४ मध्ये मंजूर झालेली केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना ठरावीक दर्जाच्या संस्थांपुरती आहे, आणि तिच्यातील आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नासाठीची व्याजसवलत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना मिळत नाही. त्यामुळे तुमच्या मुलाची निम्मी माफी चालू असताना त्या सवलतीवर विसंबू नका.

कर्जाआधी मात्र हक्काचे जे सुटले असेल ते मिळवायला हवे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा लाभ तुम्ही घेत आहात. तिच्या जोडीला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि तिच्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांचा वेगळा विचार केलेला आहे. तुमच्या दोन एकरांवर तुम्ही अल्पभूधारक ठरता, पण पत्रात या योजनेचा उल्लेखच नाही. मुलाला महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात पाठवा. खाजगी खोलीत राहत असल्यास कोणता भाडेकरार वा दाखला चालतो हे त्याने स्वतः विचारावे, आणि महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरचा अर्ज व दरवर्षीचे नूतनीकरण यापुढे त्यानेच सांभाळावे. वीस वर्षांच्या मुलाने घराला हातभार लावायचा तर याहून चांगली सुरुवात नाही.

लॅपटॉप त्याच्या शाखेला लागतो, तेव्हा तो घ्यावा. पण साठ हजारांचाच का, हे त्याने तुम्हाला समजावून सांगावे, आणि वापरलेला पण दुरुस्त करून हमीसह विकला जाणारा लॅपटॉपही पाहावा. क्लासच्या बाबतीत मी स्पष्टच सांगते की नोकरीची हमी देणाऱ्या कोणत्याही क्लासला आगाऊ पैसे देऊ नयेत. वरच्या वर्गातल्या, तो क्लास केलेल्या मुलांना भेटून त्यांना नेमके काय मिळाले ते मुलाने विचारावे. दरम्यान, आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे साधारण हजार रुपये लागतात. एका सत्रात त्यातला एक अभ्यासक्रम त्याने नेटाने पूर्ण केला, तर पुढच्या क्लासविषयी बोलता येईल.

तुमच्या पत्नीच्या म्हणण्याला तुम्ही ‘तिला शिक्षणातले कळत नाही’ असे उत्तर दिले आहे. मला वाटते, त्यांना नेमके कळते. तुम्ही ज्या जिल्ह्यात राहता, त्याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असे म्हणत मुलांना कमवून शिकायला लावले. संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि तरीही त्या मुलांना कामातून सूट नव्हती. मोठ्यांचा त्याग आणि मुलांचे कष्ट या दोन गोष्टी त्या घरात एकमेकींच्या आड आल्या नाहीत. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आजही कर्मवीरांच्याच नावाने चालते.

पण काम कोणते आणि किती, याला मर्यादा हवी, आणि तेवढ्यापुरती तुमची काळजी रास्त आहे. रात्री बारापर्यंत दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोहोचवणारा मुलगा सकाळच्या प्रात्यक्षिकाला डोळे उघडे ठेवू शकत नाही, आणि एक वर्ष मागे पडले तर त्याने वर्षभर कमावलेले सगळे एका झटक्यात जाते. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत दिवसाला दोन तास, शेजारच्या आठवी-नववीच्या मुलांची गणिताची शिकवणी, उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यावेतन देणारे प्रशिक्षण, एवढे पुरे. सत्र परीक्षेच्या आधीचा महिना पूर्ण मोकळा ठेवावा. यातून महिन्याला दोन-तीन हजार आले, तरी त्याचा वरखर्च निघतो आणि शनिवारच्या ४८० रुपयांचा कोणालाच हिशेब द्यावा लागत नाही.

तुमच्यासारखी स्थिती असलेल्या इतर पालकांसाठी एक सावधगिरीची सूचना इथे करून ठेवते. शासनाच्या शुल्कमाफीच्या या योजना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांसाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातून किंवा स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठात प्रवेश घेतला तर त्या लागू होत नाहीत, आणि हे अनेकांना पहिले शुल्क भरून झाल्यावर कळते. प्रवेश ठरवतानाच चारही वर्षांच्या पूर्ण खर्चाची बेरीज कागदावर मांडा, कारण पहिल्या वर्षी दागिने, दुसऱ्या वर्षी ठेवी असे करत गेलेल्या घरांची तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त ओढाताण होते.

शेवटी तुमच्या मुलीविषयी. तिला दहावीत भावापेक्षा जास्त गुण होते, असे तुम्हीच लिहिले आहे. तिला औषधनिर्माणशास्त्र शिकायचे आहे, हेही लिहिले आहे. आणि लगेच पुढच्या वाक्यात ती इथेच बी.एस्सी. करेल असे ठरवूनही टाकले आहे. मुलाला झळ लागली नाही, असे तुम्हाला वाटते त्याचे एक कारण हे की ती झळ या मुलीने घेतली आहे, तिला न विचारता. ज्या कारणाने तुमचे शिक्षण थांबले त्याच कारणाने तिचे वळवले जात आहे, हे तुमच्या लक्षात आले असते तर तुम्ही ते नक्कीच होऊ दिले नसते, अशी तुमच्या पत्रावरून माझी खात्री आहे. म्हणूनच इतके स्पष्ट लिहिते आहे.

आणि तिच्या बाबतीत पैशाची अडचण तुम्ही समजता तेवढी मोठी नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मुलाला निम्मी माफी मिळते, तिला पूर्ण मिळू शकते. राहण्या-जेवणाचा खर्च उरेल. पण तुमच्या मुलाचे शेवटचे वर्ष आणि तिचे दुसरे वर्ष एकाच वेळी येईल, म्हणजे दोघांचा भार दोनच वर्षे एकत्र पडेल, आणि म्हणूनच मुलाचे शुल्क कर्जातून भागवून दरमहाचे ते सात हजार आजपासून तिच्या नावाने बाजूला टाकणे शक्य आहे. तुम्ही खुल्या प्रवर्गातले असल्याचे लिहिले आहे, तेव्हा तहसील कार्यालयात जाऊन आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचे निकष तपासा आणि उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर ते तिच्या नावाने काढायला टाका. ही कागदपत्रे हाती यायला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या ऐन गर्दीत ती मिळत नाहीत. सीईटीचा अर्ज सुरू झाला की तो तिने भरावा, आणि जीवशास्त्राचा गट निवडायचा की गणिताचा, हे तिला विचारून ठरवा.